मास्तरांचा पाय

मिस्त्रीने मास्तरांना मागच्या सीटवर बसवलं, दार लावलं आणि खिडकीतून डोकं आत घातलं.

"डोळे मिटा, मास्तर. गाडी अडखळली की 'आत्ता' म्हणायचं. बाकी काही बोलायचं नाही."

"गाडीला काही झालेलं नाही रे. उगाच पेट्रोल जाळतोयस."

"शाळेत तुमचं चालायचं. इथं माझं चालतं."

मिस्त्रीची ही पद्धतच होती. गाडी मालकाइतकी कोणाला कळत नाही, पण स्टिअरिंग हातात असलं की तो गाडीपेक्षा स्वतःबद्दलच जास्त सांगत बसतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून मालकाची रवानगी मागे.

मास्तरांनी डोळे मिटले. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत खेळ शिकवला होता. शर्यतीला ते स्टॉपवॉच घेऊन उभे राहायचे, आणि सेकंदाचा दहावा भाग त्यांच्या अंगठ्याला कळतो अशी ख्याती होती. त्यांची मुलगी पुढे बसली. जुन्या गाडीला रविवारी गिऱ्हाईक येणार होतं, त्याआधी एकदा तपासून घ्यावी म्हणून ती गाडी इथे घेऊन आली होती. निघताना मास्तर म्हणाले, "मी पण येतो." दहा दिवसांतलं त्यांचं ते सगळ्यात लांब वाक्य.

दहा दिवसांपूर्वी मास्तर नातीला पोहायला सोडायला निघाले होते. त्या दिवशी मुलगीही सोबत होती. चौकात समोरून ट्रक येत होता, पण पुष्कळ लांब होता. मास्तरांनी गाडी वळवली, आणि ती ऐन मधोमध क्षणभर तशीच राहिली. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि मास्तरांच्या वयाचा मनसोक्त उद्धार केला. नातीला मजा वाटली. मुलगी मात्र चांगलीच घाबरली. आता गाडी चालवू नका, हे बाबांना कसं सांगायचं ते ती दिवसभर मनात घोळवत राहिली. संध्याकाळी मास्तर एकटेच गाडी घेऊन कुठेतरी गेले, तासाभराने परत आले, आणि तिने तोंड उघडायच्या आत किल्ली टेबलावर ठेवून खोलीत निघून गेले. फुगले, असं तिने धरलं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचचा गजर लावून पोरीला तलावावर सोडायचं काम तिच्याकडे आलं. पोरगी वाटेत रोज विचारायची, "आजोबा माझ्यावर चिडलेत का?"

गॅरेजमागचा रस्ता मोकळा होता. मिस्त्रीने गाडी थोडी सावकाश चालवली आणि मध्येच अॅक्सिलरेटर खाडकन दाबला.

"आत्ता," मास्तर म्हणाले.

मुलीला गचका जाणवला तो त्यानंतर. मिस्त्रीने पुन्हा दाबला. पुन्हा मास्तर आधी, गचका मागून. असं पाच वेळा झालं. मुलीने खाली पाहिलं. मिस्त्रीचा पाय तळाला टेकलेला होता, आणि गाडी तरीही विचार करत होती.

"ताई, आता तुम्ही बसा."

"मीच तर चालवत आणली. काही नव्हतं झालं."

"तुम्ही पाय कसा ठेवता, खाली अंडी असल्यासारखा. एकदा जोरात दाबून बघा."

तिने दाबला. गाडी अडली, मग धावली. मागून "आत्ता" आलं. तिने आरशात पाहिलं, तर मास्तरांचे डोळे सताड उघडे होते.

"तुझ्या पायाखाली पण होतंय हे?"

"हो, बाबा."

गाडी गॅरेजात परत आली.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं, एअर फिल्टर बाजूला काढून ठेवला आणि दोघांना कार्बोरेटरच्या तोंडात बघायला लावलं. मग त्याने बोटाने दांडी ओढली.

"पाय दाबला की इथून पेट्रोलची धार उडायला पाहिजे. बघा."

धार कसली, एक थेंब आला नि तिथेच लोंबकळला.

"आतला रबरी पडदा फाटलाय. गाडी तुमचं ऐकते हो, पण तोंडात घास नाही तर पळणार कशी?"

"म्हणजे माझा पाय..."

"पाय? पाचही वेळा तुम्ही गचक्याच्या आधी बोललात, मास्तर. बरं, एक कागद द्या. बारके स्क्रू आहेत, हरवतात."

मास्तरांनी शर्टाच्या खिशातून घडीचा कागद काढला, जरा घुटमळले, आणि कोरी बाजू वर करून त्याच्या हातात दिला. मिस्त्रीने त्यावर स्क्रू मांडले, नवा पडदा बसवला आणि एकेक स्क्रू उचलून परत लावला. रिकामा झालेला कागद मुलीने टाकून द्यायला म्हणून उचलला आणि उलटला.

मास्तरांचं वळणदार अक्षर. वर चौकातल्या त्या दिवसाची तारीख. "स्पर्धक: स्वतः. वय ७३. स्थळ: शाळेचं मैदान." खाली एकाखाली एक स्टॉपवॉचच्या दहा नोंदी, पाय दाबल्यापासून गाडी हलेपर्यंतच्या. शेवटी दोन ओळी: "पाय उशिरा पडतो. नातीला गाडीत बसवायचं नाही."

तिला पुढचं काही वेळ दिसेना.

"मला वाटलं, तुम्ही रुसलात."

"रुसणार कोणावर? घड्याळावर?"

"पण बाबा, गाडीचा संशय नाही आला एकदाही?"

मास्तर ओशाळले. "जन्मभर मी धावणाऱ्याची वेळ घेतली. बुटांची नाही घेतली कधी."

"वा!" मिस्त्री बॉनेटमधून म्हणाला. "मी सातवीत दरवेळी शेवटचा यायचो. थोरल्या भावाचे बूट घालून पळतोय, हे तुम्हीच ओळखलंत की. काढायला लावलेत, आणि तिसरा आलो."

त्याने दांडी ओढली. पेट्रोलची बारीक, सरळ धार उडाली. मास्तरांनी त्याला ती आणखी दोनदा उडवायला लावली. मुलीचा जीव भांड्यात पडला. हे सारखे डोळे का भरतायत, ते तिलाही कळेना.

तिने तिथूनच गिऱ्हाइकाला फोन करून गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. मग किल्ली मास्तरांच्या हातात दिली आणि तो तेलकट कागद पर्समध्ये, किल्लीच्या जागी ठेवला.

परतताना तोच चौक आला. मास्तर थांबले, दोन्हीकडे पाहिलं आणि पाय दाबला. गाडी अशी सुटली की मुलीची पाठ सीटला टेकली. चौक ओलांडल्यावर तिने मोबाइल काढून पाचचा गजर बंद केला.

मास्तरांनी ते पाहिलं.

"साडेपाचला पोरगी दारात पाहिजे," ते म्हणाले. "पिशवी आदल्या दिवशीच भरून ठेवायची. उशीर झाला तर मी थांबणार नाही."