पारदर्शक पिशवी

इमारतीतला कचरा पारदर्शक पिशवीतूनच खाली न्यायचा आणि पिशवीवर घराचा नंबर ठळक लिहायचा, हा नियम तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेनेच आणला होता. कुणीतरी कुरकुरलं होतं, की हे म्हणजे घरातलं उणंदुणं चव्हाट्यावर मांडणं झालं. त्यावर ती भर सभेत म्हणाली होती, ज्याच्या घरात लपवण्यासारखं काही नाही त्याने का घाबरावं? टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलून जातो आणि मग निस्तरत बसतो.

तिचं घर होतंच तसं. भाजीचे देठ गॅलरीतल्या खताच्या पिंपात, कपडे धुतलेलं पाणी संडासात, वाणसामान घरून नेलेल्या डब्यांत. आठवड्याची पिशवी जेमतेम मूठभर. शेजारी तिला ‘कोरी पिशवी’ म्हणू लागले, आधी थट्टेने, मग आदराने. नवरा तेवढा अजूनही थट्टेनेच म्हणायचा. तो इस्पितळात विजेची कामं करायचा, पाळी संपवून यायचा आणि अंथरुणाला पाठ टेकताच घोरायचा. त्याला कचऱ्याचं सुखदुःख नव्हतं.

मग सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आता सगळं अंथरुणातच. मोठ्यांचे डायपर आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सुनेच्या डोळ्यांसमोर सासू आली नाही, पिशवी आली. आरपार दिसणारी, वर स्वतःच्या हाताने नंबर घातलेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणायला अख्खी इमारत टपलेली होती.

तिने जुन्या चादरी फाडून फडकी केली. ऑफिसला जाण्याआधी धुवायची, आल्यावर धुवायची. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, मीठ लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. नवरा म्हणाला, आणून टाक ना ते डायपर, कोण बघतंय? तिने पृथ्वीचं काय होईल ते त्याला ऐकवलं. पृथ्वीची काळजी तिला होतीच. पण पिशवीची जास्त होती, आणि हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं.

एकदा हवा अशी दमट झाली की फडकी वाळेचनात. शेवटी तिने गुपचूप एक पुडा आणला. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातला आणि ऑफिसला जाताना दुसऱ्या गल्लीतल्या कचरापेटीशी उभी राहिली. झाकण उचलणार तोच पहिल्या मजल्यावरचे काका समोर हजर. “तुम्ही आणि इथे?” त्यांनी कौतुकाने विचारलं. पेटीत ओलं-सुकं एकत्र टाकतात का ते बघतेय, असं ती म्हणाली. काका खूश होऊन तिच्याबरोबर चौकापर्यंत चालत आले. ऑफिसातही धीर झाला नाही. संध्याकाळी ते गाठोडं जसंच्या तसं घरी परत आलं. पिशवी उघडताना सासूबाईंनी पलंगावरून पाहिलं. पुडा माळ्यावर गेला आणि फडकी पुन्हा सुरू झाली.

पुढे पुढे फडकी कमी भिजू लागली. सुनेला हायसं वाटलं. हायसं वाटलं, हेच तिला नंतर सर्वांत जास्त लागलं. सासूबाईंची जीभ जड झाली, त्या दिवसा झोपून राहू लागल्या. एका सकाळी त्यांनी सुनेला स्वतःची धाकटी बहीण समजून हाक मारली. डोकं कामातून चाललं यांचं, असं वाटून तिने डॉक्टरांना घरी बोलावलं.

डॉक्टरांनी हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. पाणी पोटात जात नाहीये, ते म्हणाले. असं कसं, सून म्हणाली, उशाचा तांब्या रोज संध्याकाळी रिकामा असतो. बोलता बोलता तिची नजर पलंगाला लागून असलेल्या खिडकीकडे गेली. तिथल्या कुंडीत पुदिना होता. तिने मातीत बोट घातलं. चिखल होता नुसता.

सलाइनच्या दोन बाटल्या गेल्यावर सासूबाई भानावर आल्या. सुनेने कुंडीबद्दल विचारलं, तेव्हा त्या चोरी सापडल्यासारख्या ओशाळल्या.

“तुझे हात बघवेनात गं,” त्या म्हणाल्या. “आणि त्या दिवशी ते गाठोडं परत घेऊन आलीस. म्हटलं, आपण पाणीच कमी प्यावं. तुझं धुणंही वाचेल आणि नावही राहील.”

सुनेला रडू आलं नाही. स्वतःची किळस आली. तिने स्टूल घेऊन माळ्यावरचा पुडा काढला. सासूबाई घाबरून म्हणाल्या, अगं, पिशवीतून दिसेल ना सगळं. दिसू दे, ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन खाली गेली, नंबर नेहमीपेक्षा मोठा लिहून. पेटीपाशी तिघी-चौघी होत्या. एकीने पाहिलं, दुसरीला कोपराने ढोसलं. दुपारपर्यंत इमारतीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘कोरी पिशवी फाटली वाटतं’, खाली हसरे चेहरे. सचिवांनी फोन करून आठवण करून दिली की नियम सगळ्यांना सारखा, असला कचरा वेगळा बांधून त्यावर लाल खूण हवी. हा नियमही तिचाच. ती बरं म्हणाली. अपमान झाला होता, पण वाटलं होतं तेवढा दुखला नाही. आपण उगाच इतके दिवस कोंडून घेतलं, असं तिला वाटलं. सुटले.

पेला भरून ती सासूबाईंपाशी बसली. मानेखाली हात घालून त्यांना उठवलं. त्यांनी दोन घोट घेतले आणि सवयीने ओठ मिटले. मग सुनेच्या तोंडाकडे बघत, हळूच विचारलं,

“अजून एक घोट घेतला तर चालेल का गं?”

सुनेने पेला नुसता पुढे केला. सासूबाई तिच्यावरची नजर न काढता घटाघटा प्यायल्या, कुणी मध्येच काढून घेईल अशा घाईने.