भैरू होडीसकट सासुरवाडीला

अठ्ठावन्न साली श्रावण अधिक आला आणि भैरूचं घोडं तिथंच पेंड खाऊ लागलं. नव्या नवरीनं पहिल्या आखाडात सासरी राहू नये म्हणून यशोदा माहेरी गेली, ती गेलीच. आखाड संपला तरी सासरे धर्माजी तिला धाडायचं नाव काढीनात. चाकणजवळच्या डोंगरात त्यांची शेती, आणि मातीत राबत नाही तो माणूसच नव्हे, असं त्यांचं ठाम मत. भैरू पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर, म्हणजे सावलीत उभं राहून पगार खाणारा. "दसऱ्यानंतर बघू," असा निरोप आला तेव्हा भैरूचं टाळकं सरकलं. एकट्यानं भाकऱ्या थापून तो रडकुंडीला आला होता, आणि भाकऱ्या तरी कसल्या, नुसते नकाशे.

पण अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलवावंच लागतं. भैरू गेला, तो पाठीवर कापडी होडी घेऊन. कारखान्यातला जर्मन साहेब मायदेशी परतताना ती त्याला देऊन गेला होता. लाकडी सांगाडा, त्यावर रबरी कापड, वर बसण्यापुरतं एक भोक आणि दोन्हीकडं पातं असलेलं वल्हं. साहेब म्हणे असल्या होडीतून डोंगरातले ओढे उतरायचा. भैरूनं ती पुष्कळदा पुसली होती, ठिगळं लावली होती. बसला मात्र एकदाच, पवनेच्या संथ पाण्यात, तेही काठ धरून. ही गोष्ट सासऱ्यापुढं काही त्याच्या तोंडून निघाली नाही.

"ह्यातून तुमचा ओढा वरपासून खालपर्यंत उतरून दाखवतो," तो म्हणाला. "मग आजच यशोदेला धाडायचं."

धर्माजींनी ओढ्याकडं बघितलं. धडाधड खाली कोसळत होता, आणि वाटेत म्हशीएवढे खडक. "उतरलात तर आजच न्या," ते म्हणाले. "पर आदी जेवा. उपाशी जावई व्हावून गेला तर लोक आमाला नावं ठेवतील."

झालं. सासूबाई रतनबाईंनी धोंडे वाढायला घेतले. कणकेत पुरण भरून उकडलेले हे गोळे अधिकात जावयाला खाऊ घालतात, आणि त्यानं नको म्हणायचं नसतं. यशोदा दाराआडून खुणा करत होती, पुरे करा म्हणून. ह्या बहाद्दराला वाटलं, बायको कौतुकानं बघतेय. त्यानं आणखी दोन घेतले, वर तूप.

ओढ्यावर पोचल्यावर भैरू होडीच्या भोकात बसेना. धर्माजी आणि त्यांचा गडी गेनबा, दोघांनी खांद्यावर भार टाकून त्याला गच्च दाबला. "आता न्हाई निघत," गेनबा समाधानानं म्हणाला आणि त्यानं होडी ढकलली.

पहिल्याच उडीला वल्हं गेलं. दुसऱ्या खडकावर होडी आपटली, गरकन फिरली आणि उलटी झाली. दुसरा कुणी भोकातून निसटून खडकांत चेचला असता. हा निसटतोय कसला, आत धोंडे बसलेले. त्यानं जिवाच्या आकांतानं तळाच्या खडकाला रेटा दिला आणि अख्ख्या होडीसकट सुलटा झाला. पुढं आणखी दोनदा हेच. काठानं पळणाऱ्या धर्माजींना वाटलं, ही साहेबाची विद्या. शेवटी होडी खालच्या भातखाचरात शिरली आणि चिखलात रुतली. भैरूच्या डोक्यावर शेवाळ होतं, पण डोकं जागेवर होतं.

"मानलं, राव," धर्माजी धापा टाकत म्हणाले. "न्या पोरीला. उतरा आता."

भैरूला उतरता येईना. गेनबानं ओढलं, तेल सोडलं, पुन्हा ओढलं. अखेर दोघांनी त्याला होडीसकट उचलून अंगणात आणला. तेवढ्यात रतनबाई ताट घेऊन बाहेर आल्या.

"पाव्हणं निघालं व्हय? मग एक तरी घ्याच."

भैरूनं डोळे मिटून घेतले. ओढ्याला भ्याला नव्हता इतका तो ह्या धोंड्याला भ्याला, पण नको म्हणायची छाती होईना. यशोदा पदर सावरत पुढं झाली आणि तिनं आईच्या हातातलं ताट काढून घेतलं.

"आता आग्रह बास, आये. मला ह्यांना घेऊन घरी जायचंय."

'घरी' म्हणाली, ते भैरूनं ऐकलं. धर्माजींनीही ऐकलं. ते म्हणाले, "गेनबा, बैल जुप."

होडी जावयासकट बैलगाडीत चढली. गाडी हेलकावत होती, म्हणून यशोदेनं शेजारी बसून त्याचा दंड घट्ट धरला होता.

"भाकऱ्या थापता म्हणं तुमी?" तिनं विचारलं.

"थापतो. नकाशासारख्या."

"मग चार दिस त्याच खा. निघाल भायेर."

भोसरी मागं पडली तेव्हा होडी सैल झाल्याचं भैरूला कळलं. पाय हलत होते, जरा उठला असता तर बाहेरच आला असता. पण तो पिंपरी येईपर्यंत तसाच बसून राहिला, आणि यशोदेनंही दंड सोडला नाही.