पडद्यामागची नळी

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. नाक मुरडू नका! करंगळीएवढी जाड, हातभर लांब, गोल टोकाशी दोन भोकं, एवढाच माझा थाट. आता मी पिवळी पडले आहे. पण एके काळी एका बाईचं उठणं-बसणं, हसणं-जेवणं सगळं माझ्यावर अवलंबून होतं, आणि ते दिवस आठवले की मला अजून भरून येतं.

ती बाई म्हणजे धनश्री. शनिशिंगणापुरात तिचं आणि तिचा नवरा बिभीषण याचं तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान आहे. दुकानामागे घर. आमच्या गावात घरांना दारं लावत नाहीत, चौकटीला पडदा असतो. माझं सगळं काम त्या पडद्यामागे चालायचं.

धनश्रीच्या मोठ्या आतड्याला आतून जखमा होण्याचा आजार होता. औषधं हरली, तेव्हा ते आतडं काढावं लागलं. मग पोटावर छिद्र ठेवून बाहेरून मळाची पिशवी चिकटवली. त्या पिशवीला मी नावं ठेवणार नाही, तिच्या आधारावर कितीतरी माणसं सुखाने जगतात. पण धनश्रीच्या कातडीला तिचा डिंक सोसेना. उन्हाळ्यात घामाने ती सुटायची, तीही गिऱ्हाईक समोर असताना. बिचारी दुकानात बसेनाशी झाली.

पुण्याच्या एका म्हाताऱ्या सर्जननी तिला दोन वाटा सांगितल्या. एक, लहान आतड्याची थैली शिवून ती खाली नेहमीच्या जागी जोडायची. पण धनश्रीचे तिथले स्नायू दुबळे झाले होते. दुसरी, थैली पोटातच ठेवायची आणि तिच्या तोंडाशी आतड्याचीच झडप करायची. बाहेर काही येत नाही, दिवसातून चार-पाच वेळा पोटावरच्या छिद्रातून नळी घालून थैली रिकामी करायची. धनश्रीने दुसरी वाट धरली आणि मी तिच्या घरी आले.

काय दिवस होते ते! दोन वर्षांनी तिने निऱ्या घट्ट खोचून साडी नेसली. भावाच्या लग्नाला एसटीने मिरजगावला गेली, मी तिच्या पर्समध्ये स्टीलच्या डब्यात. वरातीत ती मनसोक्त नाचली.

तिच्या सासूबाई, लंकाबाई, मला मात्र पाण्यात पाहायच्या. एकदा धनश्रीने मला धुऊन माळांच्या दोरीवर वाळत घातलं, तर एका भाविकाने विचारलं, "ही पण देवाला वाहायची का? केवढ्याला?" धनश्री हसून लोटपोट झाली. लंकाबाईंनी मला झटकन ओढून पदराखाली घेतलं.

"कुनी इचारलं तर ठिबकची नळी हाय म्हनायचं," त्या म्हणाल्या. "पोटाचं कुनाला सांगायचं न्हाई. लोक आपल्या हातचं तेल घ्यायचे न्हाईत."

ही ताकीद धनश्रीने सहा वर्षं पाळली. आणि तीच अंगाशी आली.

शनिअमावस्या होती. पहाटेपासून दुकानापुढे रांग. एरवी ती काहीतरी निमित्त काढून पडद्यामागे यायची, पण त्या दिवशी उठली असती तर दहा जणांनी विचारलं असतं. आता उठते, मग उठते, असं करत दिवस मावळला. मी डब्यात तळमळत होते. ती आली तेव्हा पोट टम्म फुगलं होतं. तिने मला घातलं, पण मी आत जाईना! फुगलेल्या थैलीने झडप जागची सरकली होती. तिने जोर केला नाही, एवढं शहाणपण तिने दाखवलं.

बिभीषणने तिला नगरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांकडे माझ्यासारखी नळी नव्हती. त्यांनी मलाच उकळून, तिला आडवी झोपवून, मला तिरकी करत अगदी हळू आत सरकवलं आणि तिथेच पट्टीने बांधून टाकलं. त्या थैलीत मी अकरा दिवस मुक्काम केला. थैली माझ्यातून वाहत राहिली आणि धनश्रीला वेळ मिळाला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम तेच.

"झडप पुन्हा करावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर थैली काढून परत बाहेरची पिशवी. झडपेचं ऑपरेशन मी एकदाही केलेलं नाही. जाणता माणूस शोधा."

त्यांचा हा खरेपणा मी विसरणार नाही. पण शोधायचा कुठे? पुण्याचे ते सर्जन आता राहिले नव्हते.

नगरच्या दवाखान्यातल्या एलिझाबेथ सिस्टरनी फोन हाती घेतला. रोज ड्युटी संपली की धनश्रीच्या खाटेशी बसून त्या एकेका सर्जनला तेच तीन प्रश्न विचारायच्या: अशी किती ऑपरेशनं केलीत, शेवटचं कधी केलंत, किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं? कुणी म्हणायचं, पाठवून द्या, बघू. कुणी म्हणायचं, आमच्याकडे कधीच काही बिघडत नाही. नवव्या दिवशी मुंबईच्या एका सर्जन बाई म्हणाल्या, "बेचाळीस केलीत. शेवटचं गेल्या महिन्यात. नऊ जणांची झडप पुन्हा सरकली."

बिभीषण हबकला. "नऊ बिघडली म्हनत्यात अन् त्यांच्याकडं न्यायचं व्हय, सिस्टर?"

"व्हय दादा, त्यांच्याकडंच," सिस्टर म्हणाल्या. "ज्यांनी मोजलीत, त्यांनी पेशंट ऑपरेशननंतरबी बघितलेत. बाकीच्यांनी वळून तरी पाह्यलंय का?"

धनश्री मुंबईला गेली. त्या सर्जन बाईंनी आधीच बजावलं होतं, दुर्बिणीतून पाहिल्यावर जमण्यासारखं नसलं तर पिशवीच लावू. पण थैली शाबूत निघाली. त्यांनी तीच ठेवून झडप नव्याने बांधली. सोबत नवी नळीही दिली. माझी नोकरी संपली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण धनश्रीने मला टाकलं नाही. पडद्यामागच्या खिळ्यावर मी आजही लटकते आहे.

ती दुकानात परतली त्या पहिल्या शनिवारी पुन्हा रांग होती. दुपारी धनश्री चुळबुळू लागली, पण उठेना. लंकाबाईंनी तिच्या हातातलं तेलाचं माप काढून घेतलं.

"ऊठ गं," त्या म्हणाल्या, आणि रांगेकडे वळून खणखणीत आवाजात, "थांबा वाईच! माझ्या सुनंच्या पोटात डागदरांनी थैली केलीया. ती रिकामी करून यिऊ द्या तिला."

एकही माणूस दुसऱ्या दुकानाकडे गेला नाही. तेवढ्यात मागून एक चाळिशीची बाई पुढे आली. तिच्या साडीखाली कमरेशी काहीतरी फुगलेलं होतं, ते तिने हाताने झाकलं होतं. ती हळूच म्हणाली, "मावशी, कुठल्या डॉक्टरांनी केली? मी तीन वर्षं शोधतेय."

मित्रांनो, शरीराला जे लागतं ते वेळेवर द्या, आणि तुमच्या घरातलं कुणी त्यासाठी उठत असेल तर त्याला उठू द्या. दुखणं पदराखाली झाकून ठेवू नका. तुम्हाला वाट सापडली असेल तर ती मोठ्याने सांगा, कारण रांगेत कुणीतरी नक्की उभं असतं.

लंकाबाईंना लिहिता येत नाही. पण एलिझाबेथ सिस्टरचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. तो त्यांनी त्या बाईला सांगितला, आणि तिला बसायला स्वतःचा पाट दिला.