चाकामागचा माणूस

"काय दिसतंय?" थोरल्याने विचारलं.

"गंज." गाडीखालून आवाज आला. धाकट्याचे फक्त बूट बाहेर दिसत होते. "वरून रंग मारलाय. चासीला बोट लावलं की पापुद्रे निघतायत. चल, दुसरी बघू."

जुन्या गाड्यांचा दलाल शेजारीच उभा होता. त्याचा चेहरा पडला, पण लगेच सावरला. असे चेहरे पाडून बसला असता तर धंदा कधीच बसला असता बिचाऱ्याचा. "अहो मालक, मास्तरांची गाडी आहे. घर ते शाळा, शाळा ते घर. बाकी कुठे फिरलेली नाही."

"शाळा दगडाच्या खाणीत होती का?" धाकटा अंग झटकत बाहेर आला. "मागचे स्प्रिंगचे पाटे बघा की. पार बसलेत."

थोरल्याला हसू आलं, पण मनातून तो कंटाळला होता. पावसाळा संपल्यापासून दोघे भाऊ सुट्टीच्या दिवशी गाड्या बघत वणवण हिंडत होते, आणि धाकटा प्रत्येक गाडीत खोट काढत होता. एकीचं बॉनेट आधीच गरम होतं, म्हणजे थंड असताना ती सुरू होत नसणार. एकीची चार चाकं चार घरची. एकीचा पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा नुसता शोभेचा. मुलगी देताना बाप करत नाही इतकी चौकशी. थोरला म्हणायचा, अरे, जुनी गाडी आहे, तिला थोडंफार असणारच. पण धाकटा ऐकेल तर शपथ.

दोघांचा धंदा सरपणाचा. दरीत पडलेली झाडं विकत घ्यायची, जागेवरच ओंडके करायचे आणि गाडी भरून बेकऱ्यांना, वीटभट्ट्यांना पोचवायचे. झाडं खाली आणि रस्ता वर, म्हणजे भरलेली गाडी चढावर. त्यांच्या जुन्या पिकअपच्या फक्त मागच्या चाकांत जीव होता, आणि चिखल लागला की तोही जायचा. म्हणून थोरला चालवायचा आणि धाकटा मागून चालायचा, हातात लाकडाचा ठोकळा घेऊन. गाडी थबकली की ठोकळा चाकामागे सारायचा आणि ओरडायचं, "हाण!" मग थोरला पुन्हा रेटायचा. असं इंच इंच करत वर. मिसरूड फुटायच्या आधीपासून धाकटा हेच करत आला होता. आईबाप लवकर गेले. थोरल्याने आणि त्याच्या बायकोने त्याला वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही, आणि खरं सांगायचं तर हा घरात असताना ती उणीव कधी भासलीही नाही.

गेल्या पावसात ठोकळा निसटला. धाकट्याने उडी मारली, पण एक पाऊल चाकाखाली सापडलंच. तेव्हापासून तो त्या पायावर जरा लंगडतो. थोरला त्यावर चकार शब्द बोलला नाही. बोलून पाऊल थोडंच सरळ होणार होतं? त्याने फक्त मनाशी ठरवलं, की चारही चाकांना जोर असलेली गाडी घ्यायची आणि ह्याला चिखलातून उचलून आपल्या शेजारी बसवायचं. एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती तो कुणाला बोलूनही दाखवत नव्हता.

"ती कोपऱ्यातली?" धाकट्याने बोट दाखवलं.

राखाडी रंगाची पिकअप होती. हौद्याच्या कोपऱ्यांत झाडाच्या सालीचा भुगा अडकलेला. "आपल्याच धंद्यातली दिसते," थोरला म्हणाला.

"हो, एका म्हाताऱ्याची," दलाल म्हणाला. "जिवापाड जपली त्याने. आता हात चालत नाहीत."

धाकटा खाली शिरला, तो बराच वेळ बाहेर आलाच नाही. आला तेव्हा नुसते हात पुसत राहिला.

"काय रे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे खोट नाही."

आवाराच्या मागे मातीचा चढ होता. गाड्या धुतलेलं पाणी तिकडेच वाहायचं, त्यामुळे चिखल पाहिजे तेवढा. दलालाकडून सिमेंटच्या जड विटा मागून दोघांनी हौदा भरला. थोरला आत बसला. धाकट्याने सवयीने एक मोठा दगड उचलला आणि तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला.

थोरल्याने पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा ओढला. गाडी गुरगुरत चढली. मध्यावर, अगदी चिखलात, त्याने मुद्दाम थांबवली. हँडब्रेक लावला. गाडी जागची हलली नाही. पुन्हा सोडली, पुन्हा चढली, पुन्हा थांबवली. आरशात धाकटा दिसत होता, दगड छातीशी धरून गाडीमागे लंगडत येणारा. दगड टेकवायची वेळच येत नव्हती.

थोरल्याला मनापासून आनंद झाला. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "टाक तो दगड. ये, बस इथं."

धाकट्याने दगड टाकला. तो खिडकीशी आला, पण दार उघडलं नाही.

"दादा, ही घे."

"घेणारच आहे. आता मागे चालायला कुणी नको."

"तेच म्हणतोय मी," धाकटा म्हणाला. त्याची नजर खाली होती. "आता मागे कुणी नको. तुझं एकट्याचं भागेल."

थोरल्याला आधी कळलंच नाही.

"बंदरावरच्या गोदामात काम मिळतंय. बसून करायचं काम आहे. पाय बरा झाला तेव्हाच बोलावलं होतं त्यांनी. मीच थांबा म्हणालो. तुला त्या जुन्या डबड्यापाशी एकट्याला टाकून कसा जाणार होतो? म्हटलं, आधी दादाला नीट गाडी मिळू दे. आता सोमवारी जातो."

म्हणजे इतके दिवस हा प्रत्येक गाडीत खोट काढत होता, ते ह्यासाठी. थोरला स्टिअरिंग धरून बसून राहिला. ह्याला शेजारी बसवायला म्हणून आपण गाडी शोधली, आणि ह्याची सुटका आपल्याच हाताने करून दिली. पायावर धोंडा मारून घेतात तो असा.

त्याने गियर टाकून पाहिला, काढला, पुन्हा टाकला.

"दुसरा गियर अडकतोय," तो म्हणाला.

धाकट्याने खिडकीतून हात घालून त्याच्या हातावर ठेवला. "नाही अडकत, दादा."

नाहीच अडकत होता. थोरल्याला ठाऊक होतं, की आपण नुसतं 'नको' म्हटलं तरी हा राहील. एक अक्षर बोलणार नाही, आणि उद्या पुन्हा ठोकळा घेऊन त्या पायाने चिखलातून चालू लागेल. इतकं सोपं होतं. दलाल चढाखाली हात चोळत उभा होता आणि थोरल्याच्या जिभेवर तो शब्द आला होता. त्याने तो गिळला.

"घेतली," तो दलालाला म्हणाला.

परतताना धाकटा शेजारी बसला होता. घर जवळ आलं तसा धाकटा म्हणाला, "वहिनीला तूच सांग. मला जमायचं नाही."

आवाज ऐकून बायको ओल्या हातांनीच बाहेर आली. धाकटा मान खाली घालून तिच्या बाजूने आत निघून गेला. ती गाडीभोवती फिरली, टायरला पायाने डिवचून पाहिलं, आणि कित्येक दिवसांत हसली नव्हती तशी हसली.

"चांगली आहे हो. सुटलं बाई एकदाचं पोर त्या चाकामागून. आता पुढे बसेल तुमच्या शेजारी."

थोरल्याने तोंड उघडलं. तेवढ्यात तिने आतून फडकं आणलं, पलीकडचं दार उघडलं आणि शेजारची सीट पुसायला घेतली. फटीत साचलेली माती ती बोटाने उकरून काढत होती. "किती मळलीय ही. ह्यावर बसवून आणलंत त्याला?"

"राहू दे," थोरला म्हणाला.

"राहू दे काय? उद्या ओंडके आणायला जाल, तेव्हा बसायचंय ना त्याला." ती आत वाकून पुसत राहिली, आणि थोरला दाराशी उभा राहून तिला पुसू देत राहिला.