नौरूची बारा टोकं

"शी! शी! शी!" निवेदिताच्या तोंडून दुसरं काही फुटेचना.

मँचेस्टरच्या कॉमनवेल्थ गेम्सच्या निमित्ताने वॉटफर्डच्या तिच्या शाळेत आज झेंड्यांची परेड होती. प्रत्येक वर्गाला एक देश. तिच्या वर्गाच्या वाट्याला पॅसिफिकमधला टिकलीएवढा नौरू आला, तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली आणि निवेदिताने हात वर केला. गेल्या वर्षापर्यंत हजेरीलाही जिचा आवाज फुटत नसे, तीच ही पोरगी! लायब्ररी पालथी घालून तिने सगळं शोधलं, लिहून काढलं. निळा म्हणजे समुद्र, मधली पिवळी रेघ म्हणजे विषुववृत्त, आणि रेघेच्या जरा खाली पांढरा तारा म्हणजे खुद्द नौरू. मूळच्या जमाती बारा, म्हणून ताऱ्याला टोकं बारा. पांढरा रंग तिथल्या फॉस्फेटचा. आईने ठिपके मांडून टोकं आखून दिली आणि दोघींनी गोंदावर पांढरी रांगोळी दाबून तारा बसवला.

फॉस्फेट पक्ष्यांच्या विष्ठेपासून झालं म्हणतात, हे तिने वर्गात सांगितलं आणि तिथेच फसली. आता लंचनंतर बघते तर ताऱ्यावर सॅलडवर ओततात त्या पिवळट सॅलड क्रीमचा हा एवढा थपका! आंबूस वास, खाली ओघळ.

"बर्ड पू, निव्ही! एकदम ऑथेंटिक!" लिअम आणि त्याची गँग खिदळली.

"हसा! ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, तिघांनी मिळून ते बेट खणून नेलं, शेतात खत टाकायला. आता मधे नुसते दगडांचे सुळके उरलेत. ते नाही घाण वाटत तुम्हाला?"

आवाज ऐकून उपमुख्याध्यापक हार्डिंग सर आले. टायला डाग नको म्हणून लांबच थांबले. "गंमत केली गं पोरांनी. ख्रिसमसच्या खोक्यात एक तारा आहे, तो चिकटव वरून."

"सर, त्याला पाच टोकं आहेत."

"कोण मोजतंय?"

"जमाती बारा आहेत, सर."

"त्यातल्या दोन तर संपल्या, तूच लिहिलंयस. तो तारा लाव, नाहीतर झेंडा लिअम धरेल."

या वाक्यापेक्षा ते सॅलड क्रीम परवडलं. संपल्या म्हणे! जशी काही डब्यातली बिस्किटं!

तिने नुसत्या हाताने तो थपका खरवडला. त्याच्याबरोबर दोन टोकांची रांगोळीही निघाली, नेमकी दोन. निवेदिताने श्वास रोखला, तळहातावरच्या त्या चिकट लगद्यात बोट बुडवलं आणि दोन्ही टोकं पुन्हा काढली. वाकडी, पिवळट, पण बारा पूर्ण.

तेवढ्यात हॉलमधून नौरूचं नाव पुकारलं. सर "थांब!" म्हणेपर्यंत ती झेंडा घेऊन आत पोचलीसुद्धा.

टाळ्या पडल्या. सगळ्या पालकांसमोर हार्डिंग सरांना हसावंच लागलं, हातही पुढे करावा लागला. निवेदिताने तो घट्ट धरला, चांगला तीनदा हलवला.

सर खिशात रुमाल शोधत राहिले.