पाटाचं पाणी

हट्टा गावच्या शिवारात व्यंकटरावांची हळद शिजत होती, तेव्हा ते विमान आलं. शिकाऊ पोरांची विमानं रोजच डोक्यावर घिरट्या घालायची, त्यामुळं मान वर करायला कुणाला सवड नव्हती. पण ह्याचा आवाजच बंद पडला. बघता बघता ते हळद काढून मोकळ्या झालेल्या रानात उतरलं, ढेकळांत चाक मोडलं अन् पाटाच्या कडेला तोंडघशी पडलं.

व्यंकटराव धावले. आत एकटीच पोरगी, विशीतली, शुद्धीवर. पाय पुढच्या पत्र्यात अडकलेला. पंखातून पेट्रोल गळत होतं, आणि खाली उताराला, जिथं पाटाचं पाणी हळद शिजवायच्या वाफेच्या कुकरात घ्यायचे, तिथं त्याची भट्टी धडधडून पेटलेली.

"काका, आधी ती आग विझवा," पोरगी म्हणाली.

कुकरवाला शंकरसिंग तिकडं पळालाच होता. फावड्यानं भट्टीवर माती लोटत होता. व्यंकटरावांनी पोरीला काखेत धरून ओढलं, ती कळवळली. पाय काही निघेना.

"नाव काय बाई तुझं?"

"अनुश्री."

"भिऊ नको लेकरा. मी हाय ना."

कडब्याची गंजी पेटो की गोठा, व्यंकटरावांना जन्मभर एकच उपाय ठाऊक होता. त्यांनी पळत जाऊन विहिरीवरची मोटार चालू केली. एरवी ऐन वेळी दगा देणारी मेली लाइट त्या दिवशी बराबर होती. पाइप ओढत आणून त्यांनी पंखावर धार धरली. पेट्रोल धुऊन जावं, मातीत जिरावं, एवढंच त्यांच्या मनात.

धुऊन निघालं खरं, पण जिरलं नाही. पाण्यावर तरंगत, पाट धरून ते उताराला लागलं.

"दाजी, पानी बंद करो!" शंकरसिंग बोंबलला.

ह्याचं डोकं फिरलं काय, असं व्यंकटरावांना वाटलं. त्यांनी धार आणखी जोरात धरली. भट्टीवर माती अजून पुरती पडली नव्हती. तिथं भपका झाला आणि जाळ पाटावरून उलटा वर धावत आला. पाण्यावर जाळ धावतो, हे त्या म्हाताऱ्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तरी त्यांनी आत हात घातलाच. शंकरसिंगानं कमरेला मिठी मारून त्यांना मागं खेचलं, नाहीतर तेही गेले असते.

राख सावडून झाल्यावर पोरीचे वडील व्यंकटरावांच्या घरी आले. मार्तंडराव, हिंगोलीच्या कोर्टात कारकून. माणूस साफ खचलेला. गावानं त्यांना सांगितलं होतं, म्हाताऱ्यानं जिवाची पर्वा न करता पाणी मारलं. व्यंकटरावांच्या पट्ट्या बांधलेल्या हातांपुढं त्यांनी हात जोडले. दारामागून व्यंकटरावांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, त्यांना गप राहायची खूण केली.

"हात जोडू नका, साहेब," व्यंकटराव म्हणाले. "जाळ मीच तिच्यापस्तोर नेला. पेट्रोल पाण्यावर चालतंय, मला ठावं न्हवतं. पाणी सोडलं नसतं तर वाचली असती."

मार्तंडरावांनी जोडलेले हात खाली घेतले. मग त्यांनी विचारलं, "ओरडली का हो ती?"

"न्हाई," व्यंकटराव म्हणाले. "धुरानं आधीच शुद्ध गेलती लेकराची."

आणि ते धडधडीत खोटं होतं.