शुद्धीत फोडलेली काच

एवढा एक शब्द कबूल केला असता तर आत्याचा फायदाच फायदा होता. दुकानातलं काम राहणार होतं, दुकानावरची खोली राहणार होती, धाकट्या भावाचा राग निवणार होता, आणि फुटलेल्या काचेबद्दल कुणी चकार शब्द काढणार नव्हतं. त्या बदल्यात तिनं ठेकेदारासमोर मान खाली घालून इतकंच म्हणायचं होतं, "काल मी बर्सर्क झाले होते." इतका स्वस्त सौदा त्या गल्लीत आजवर कुणाच्या वाट्याला आला नव्हता.

आत्या खरं तर एकाच भाच्याची आत्या. पण काच कापून घ्यायला येणारे म्हातारेही तिला आत्याच म्हणत. वडिलांच्या काचेच्या दुकानात गल्ल्यावर भाऊ बसायचा आणि मागच्या टेबलाशी ती हातात काच कापायची हिरकणी घेऊन उभी असायची. हिरकणीनं एक रेघ ओढायची, खालून हलकी टिचकी मारायची. काच ती रेघ सोडून जायची नाही. भाऊ गिऱ्हाइकांना सांगे, "आमच्या ताईची हिरकणी आणि ताईची जीभ, दोन्ही सरळ कापतात." कौतुकाला पैसे पडत नसत, म्हणून ते तो सढळ हातानं करी.

दुकानाचा दर्शनी भाग नवा करायचा ठरला तेव्हा त्यानं नावाच्या काचेचं माप दिलं आणि म्हणाला, "वीतभर जास्त काप. वर माझं नाव, मध्ये पोराचं, खाली तुझं." त्या दिवशी आत्या जेवायलासुद्धा वर गेली नाही. काच कापून, कडा घासून तिनं ती रंगाऱ्याकडे पाठवली.

उद्घाटनाला गल्ली लोटली. नव्या इस्पितळाच्या सगळ्या खिडक्या ज्याच्या हातात होत्या तो ठेकेदार पहिल्या खुर्चीत, हातात चहा. भावानं अजून चौकटीत न बसवलेल्या काचेवरचं कापड ओढलं. वर त्याचं नाव, मध्ये मुलाचं, आणि खालच्या वीतभर जागेत वेलबुट्टी.

"माझं नाव?" आत्यानं विचारलं.

"अगं, तीन नावांची गर्दी होते. वेल कशी शोभतेय बघ."

आत्यानं काच टेबलावर आडवी घेतली. लोकांना वाटलं, पुसायला घेतली. तिनं पट्टी लावली, वेलीच्या वरून रेघ ओढली, टिचकी मारली, आणि वीतभर तुकडा उचलून ठेकेदाराच्या बुटांपुढे सोडून दिला. ठेकेदाराचा चहा त्याच्याच विजारीवर सांडला. वरच्या दोन नावांना ओरखडाही नव्हता. चौकटीत मात्र ती आता वीतभर तोकडी पडणार होती.

ठेकेदार उठून निघालाच होता, तेवढ्यात भावजय मध्ये पडली. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. "साहेब, आमच्या वन्सं बर्सर्क झाल्या. होतं असं माणसाचं कधीकधी." इंग्रजी शब्द ऐकून ठेकेदार निवला, आजार असेल असं वाटलं असावं. "उद्या येतो," तो म्हणाला. "बाईंनी स्वतःच्या तोंडानं तसं सांगितलं, की विषय संपला. काम तुमचंच."

संध्याकाळी भाऊ वर आला. "ताई, तुझं काय जातंय? शब्द इंग्रजी आहे. गल्लीत कुणाला कळणार?"

तो गेल्यावर आत्या भावजयीजवळ जाऊन बसली. ती भांडी विसळत होती. "त्या शब्दाचा नेमका अर्थ काय गं?"

"फार जुन्या काळी थंडीच्या मुलखात काही लढवय्ये होते म्हणे. लढाईत असे पिसाळायचे की आपल्याच ढालीला चावायचे. समोर आपला की परका, कळायचं नाही. आता कुणाचं भान सुटून दिसेल ते फोडत सुटलं, की हा शब्द वापरतात."

"आणि नंतर त्यांना कुणी जाब विचारायचं?"

"भानच नव्हतं, तर जाब कसला?"

"का चिडलात, हे तरी?"

भावजयीचा हात थांबला. "नाही. तेही नाही."

"मागे तुझा नवरा एका गिऱ्हाइकावर खुर्ची घेऊन धावला होता. तेव्हा कुठे होता हा शब्द?"

"तेव्हा आपण म्हणालो, ते जरा तापट आहेत."

"बघ."

"वन्सं, मी तुम्हाला वाचवायला बोलले हो."

"माहितेय गं. छत्रीच धरलीस. फक्त माझ्या तोंडासमोर धरलीस."

दुसऱ्या दिवशी ठेकेदार नवी विजार घालून आला. भावानं त्याला खुर्ची दिली आणि बहिणीकडे बघून मान हलवली.

"मी बर्सर्क नव्हते," आत्या म्हणाली. "पूर्ण शुद्धीत होते. माझ्या नावाची वीत होती, तेवढीच काढून घेतली. पिसाळले असते तर बाकीची दोन नावं उरली असती का?"

"तिला अजून बरं नाही, साहेब," भाऊ मध्येच म्हणाला.

"मला अगदी बरं आहे."

ठेकेदारानं तिला नीट न्याहाळलं. "पुन्हा असं कराल?"

"पुन्हा गाळलं, तर करीन."

"बाई, वेड म्हणाल्या असतात तर मी सोडून दिलं असतं. हे अवघड आहे." आणि तो इस्पितळाच्या खिडक्या घेऊन दुसऱ्या दुकानात गेला.

आत्यानं त्या वीतभर काचेचे पैसे गल्ल्यावर ठेवले.

"हे कशाला आता?" भाऊ खेकसला.

"पिसाळलेल्याकडून कुणी भरपाई मागत नाही. म्हणून देतेय." तिनं हिरकणी आणि पट्टी उचलली, आणि गल्लीतल्या कुलूपवाल्याच्या दुकानामागची अर्धी शेड भाड्यानं घेतली.

भावाच्या नव्या चौकटीत खालची वीतभर फट पुठ्ठ्यानं बंद झाली. पुठ्ठा भिजला, फुगला, लोक हसायला लागले. शेवटी एका सकाळी तो स्वतःच शेडच्या दारात उभा राहिला. "एवढा तुकडा कापून दे."

आत्यानं कापून दिला. भाऊ सवयीनं निघाला.

"मजुरी."

"ताई, घरच्या माणसाकडून?"

"घरच्या माणसाचं नाव त्यावर आलं की पुढचा तुकडा फुकट. काय लिहायचं ते रंगाऱ्याला तू सांग. मला वाचता येतं, आणि हिरकणी माझ्याकडेच आहे."

एकूण हिशेब असा झाला. ठेकेदारानं आपली विजार आपणच धुतली. खिडक्यांचं काम भावाचं गेलं, वरची खोली आत्याची गेली. फुटलेल्या वितीचे पैसे आत्यानं भरले. नव्या वितीचे भावानं भरले, आणि बहिणीच्या हाताची मजुरी जन्मात पहिल्यांदाच त्यानं मोजून दिली.